देवळाचा सूर आणि इगर्जीचे व्हायोलिन

गोमंतकाच्या संगीताचा विषय निघाला की दोन नामावळ्या ऐकावयास मिळतात. पहिलीत केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर, जितेंद्र अभिषेकी ही नावे येतात आणि मराठी घरांतून ती आदराने उच्चारली जातात. दुसरीत अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही नावे असतात. मुंबईचे जुने वादक, चित्रपटगीतांचे चोखंदळ श्रोते आणि गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे यांना ती ठाऊक असतात. एक नामावळी देवळाच्या सभामंडपातून निघालेली, तर दुसरी इगर्जीतून, म्हणजे चर्चमधून. पहिली ज्याला पाठ असते त्याला दुसरी सहसा माहीत नसते आणि दुसरी जाणणाऱ्याची पहिलीशी ओळख वरवरचीच असते. त्यामुळे एवढ्याशा प्रदेशात दोन संगीते शेजारी शेजारी नांदली, पण त्यांची एकमेकींशी गाठ कधी पडलीच नाही, असा समज रूढ झाला आहे.

गोव्याच्या भूमीपुरता हा समज बराचसा खरा आहे. ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत मात्र तो मुळीच खरा नाही. ज्या दोन परंपरांचे घरी फारसे बोलणे नव्हते, त्या मुंबईस जाऊन एका तबकडीवर एकत्र आल्या. ही भेट कशी घडली, तिच्यात पेडणे आणि डिचोली या उत्तरेकडील तालुक्यांचा वाटा कोणता, आणि त्या भेटीची किंमत कोणी मोजली, हे पाहण्यासारखे आहे.

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके पोर्तुगीजांच्या ताब्यात उशिरा आले. बारदेश, तिसवाडी, सासष्टी हे जुन्या काबिजादीचे मुलूख सोळाव्या शतकातच त्यांच्या अमलाखाली गेले होते. डिचोली १७८१ साली, सत्तरी १७८२ साली आणि पेडणे १७८८ साली गेले. त्यापूर्वी हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. या दोन-अडीचशे वर्षांच्या अंतराने संगीताच्या इतिहासात मोठा फरक पडला. जुन्या काबिजादीत देवळे पाडली गेली आणि देव नदीपार न्यावे लागले. १७३६ साली धर्मन्यायपीठाने, म्हणजे इन्क्विझिशनने, जाहीरनामा काढून लग्नकार्यातील ओव्यांसारख्या कित्येक चालीरीतींना बंदी केली. नव्या काबिजादीत मात्र लोकांच्या धर्माला आणि रूढींना हात न लावण्याचे धोरण राहिले. डिचोलीतील नार्वे येथील सप्तकोटेश्वराचे उदाहरण सर्वश्रुत आहे. दिवाडी बेटावरून विस्थापित झालेल्या या दैवताचे देवालय शिवछत्रपतींनी १६६८ साली नार्व्यास नव्याने बांधविले आणि पुढे राज्य बदलले तरी तेथील पूजाअर्चा चालूच राहिली.

देवळे राहिली म्हणून त्यांच्याबरोबरचे गाणेही राहिले. चौघडा, सुवारी, भजनी सप्ताह, कीर्तन, काला, दशावतार यांनी या तालुक्यांतील वर्ष भरलेले असे. भजनाची भाषा मराठी होती. तुकोबांचे अभंग आणि सोहिरोबानाथ आंबिये यांची पदे हे येथील घरोघरचे धन होते. सोहिरोबानाथांचा (१७१४–१७९२) जन्म बांद्याचा, पण त्यांच्या घराण्याचे नाते पेडण्याशी आहे, आणि आज पेडण्याचे सरकारी महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. देवळाच्या सेवेशी बांधलेल्या कलावंत कुटुंबांत गाणे पिढ्यान्‌पिढ्या कानांनी शिकले आणि कंठात जपले जाई. ते कागदावर लिहिण्याची गरज कोणाला भासली नाही.

जुन्या काबिजादीत हीच गोष्ट उलट्या पद्धतीने घडली. तेथे प्रत्येक इगर्जीला जोडून शाळा असे आणि तिच्यात प्रार्थनेबरोबर संगीतही शिकविले जाई. मुलगा प्रथम स्वरलिपी वाचावयास शिके, मग गाई, मग व्हायोलिन हाती घेई. चार वेगवेगळ्या आवाजांनी चार वेगवेगळे स्वर एकाच वेळी गाऊन त्यांचा मेळ साधावयाचा, हे पाश्चात्त्य धर्मसंगीताचे तत्त्व त्याच्या अंगवळणी पडे. कागद पुढे ठेवला की पूर्वी कधीही न ऐकलेली रचना तो वाजवू शके. देवळातील गायकाला हे जमत नसे. उलट देवळातील गायकाला एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अलगद उतरण्याची, एकच ओळ दहा प्रकारांनी सजविण्याची जी हातोटी होती, ती इगर्जीतल्या वादकाच्या शिक्षणात नव्हती.

या दोन परंपरांमधील भिंत अगदी बिनखिडकीची होती असे मात्र नव्हे. घुमट हे मातीच्या भांड्याचे वाद्य दोन्ही अंगणांत वाजे. हिंदूंच्या आरतीत आणि सुवारीत ते होते, तसेच ख्रिस्ती घरांतील मांड्याच्या साथीलाही होते. २०१९ साली गोवा सरकारने घुमटास वारसावाद्य म्हणून मान दिला, तो या दृष्टीनेही यथार्थ म्हणावा लागेल. पेडण्यात हरमलसारख्या गावी इगर्जीही आहेत. तथापि घुमट हे तालवाद्य होय. ताल सामाईक असला तरी स्वरांचे व्यवहार वेगळेच राहिले. त्यांचा मिलाफ होण्यास गोव्याबाहेरची जागा आणि एक नवे यंत्र लागले.

ती जागा मुंबई आणि ते यंत्र ग्रामोफोन. गोव्यात कलावंतांना पोसणारे मोठे दरबार नव्हते आणि दोन्ही समाजांतील गुणी माणसांना पोटासाठी बाहेर पडावे लागे. देवळातील सूर मुंबईच्या मैफलींत आणि नाटक कंपन्यांत गेला. इगर्जीतील व्हायोलिन मूकपटांच्या चित्रगृहांत, हॉटेलांत, क्लबांत आणि पुढे बोलपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. गावी एकमेकांच्या अंगणात न गेलेली ही माणसे परक्या शहरात एकाच धंद्यात आली.

ग्रामोफोनच्या यंत्राने हिंदुस्थानात पाऊल ठेवले ते १९०२ साली. त्या वर्षी फ्रेडरिक गैसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला आणि गौहरजान यांचे गाणे त्याने मेणाच्या तबकडीवर उतरविले. आरंभी तबकड्या जर्मनीतील हॅनोवरला पाठवून छापून आणाव्या लागत. १९०८ साली कलकत्त्याजवळ सियालदहला त्यांचा कारखाना निघाला. १९२५ पर्यंत मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावयाचे, साथीदारांनी दाटीवाटीने मागे बसावयाचे आणि सुमारे तीन मिनिटांत सर्व आटोपावयाचे, अशी रीत होती. मैफलीत तासभर फुलणारा ख्याल दहा इंची तबकडीत मावणे शक्यच नव्हते. गायकाला काय सोडावयाचे आणि काय राखावयाचे हे आधीच ठरवावे लागे. तोवर जे गाणे दर वेळी नव्याने घडत असे, ते आता एकदाच आणि कायमचे घडू लागले.

जुन्या कलावंतांना हा बदल साहजिकच रुचला नाही. पेडण्यातील मालपे गावाशी ज्यांच्या नावाचे नाते आहे त्या अंजनीबाई मालपेकर (१८८३–१९७४) यांचे जीवन या दृष्टीने बोलके आहे. भेंडीबाजार घराण्याचे नजीरखाँ यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली, विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईच्या मैफली गाजविल्या आणि चाळिशीतच जाहीर गाण्याचा निरोप घेतला. त्यांची खरी शिल्लक तबकड्यांत नसून शिष्यांत राहिली. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांनी त्यांच्याकडून विद्या घेतली. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांना अधिछात्रवृत्तीचा सर्वोच्च सन्मान दिला, आणि तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. फोंड्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांनी तबकड्या दिल्या खऱ्या, पण मोजक्याच. अल्लादियाखाँसाहेबांकडून कष्टाने मिळविलेली विद्या यंत्राच्या स्वाधीन करावयास त्यांचे मन सहजासहजी तयार होत नसे.

तबकडीने सर्वांत मोठा बदल घडविला तो साथीत. मैफलीचे गाणे दोन-तीन साथीदारांवर उभे राहते. तबकडीवरील गाणे, विशेषतः बोलपटातील गाणे, हळूहळू वीस, तीस, चाळीस वादकांचे झाले. इतक्या माणसांनी एकाच क्षणी, न चुकता, मोजून तीन मिनिटे वाजवावयाचे तर प्रत्येकापुढे लिहिलेला कागद हवा. कानांनी शिकलेले संगीत येथे अपुरे पडले आणि इगर्जीच्या शाळेत लिहावयास शिकलेल्या माणसाची गरज निर्माण झाली. चाल करणारा संगीत दिग्दर्शक पेटीवर गुणगुणून चाल सांगे. गोव्याचा ख्रिस्ती वादक ती स्वरलिपीत टिपून घेई, कोणत्या वाद्याने कोठे शिरावे हे ठरवी, दोन कडव्यांमधील मोकळी जागा भरी आणि रातोरात सर्वांसाठी कागद तयार करी. या कामगिरीस ‘अरेंजर’ असे नाव पडले. मराठीत त्याला वाद्यवृंदरचनाकार म्हणता येईल.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. आपल्या रागसंगीताचा पाया एक षड्ज हा आहे. तंबोऱ्याचा अखंड षड्ज आणि त्याच्या नात्याने उभा राहणारा प्रत्येक स्वर, यांतूनच रागाचे रूप प्रकट होते. पाश्चात्त्य पद्धतीप्रमाणे त्या स्वराखाली दोन-तीन इतर स्वर एकदम वाजविले तर रागाला वर्ज्य असलेला स्वर नकळत आत येतो आणि रागाचा चेहरा बिघडतो. शिवाय पियानो, पेटी यांचे स्वर ठाम असतात आणि त्यांवर मींड निघत नाही. चांगल्या रचनाकारांनी यातून मार्ग काढला. गायकाच्या ओळीखाली स्वरांचे जाड थर रचण्याऐवजी ते व्हायोलिनांची एक हलकी, वेगळी ओळ रागाच्याच स्वरांतून विणीत आणि ती गाण्याच्या मागून चालवीत. गाणे थांबले की वाद्ये पुढे येत, गाणे सुरू झाले की मागे सरत. जुन्या तबकड्या लक्ष देऊन ऐकल्या तर रागाची मर्यादा सांभाळूनही भरल्या घरासारखा वाटणारा हा वाद्यमेळ कानांस जाणवतो.

या सर्वांत मध्यस्थाचे काम व्हायोलिनने केले. त्यावर पडदे नसल्यामुळे वाजविणाऱ्याच्या बोटांत असेल ती श्रुती आणि ती मींड त्यातून निघते. दक्षिणेत बाळुस्वामी दीक्षितरांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून, ते अभिजात संगीतात रुळलेले आहे. उत्तर हिंदुस्थानी संगीतात त्याला प्रतिष्ठा मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. ती मिळवून देणाऱ्यांच्या पंक्तीत पेडणे तालुक्यातील पार्से गावचे श्रीधर पार्सेकर (१९२०–१९६४) यांचे स्थान आहे.

पार्सेकरांच्या वादनाचा अर्थ गोव्याच्या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होतो. गोव्यात व्हायोलिन म्हटले की इगर्जीतील मिस्सा, लग्नाची वरात आणि मांडो डोळ्यांपुढे येत. ख्रिस्ती वादक ते उभे राहून, हनुवटीखाली धरून वाजवी. हिंदुस्थानी पद्धतीत वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे टोक पायाच्या घोट्यावर टेकवितो आणि त्यामुळे मोकळा झालेला डावा हात तारेवरून लांबवर घसरू शकतो. तारा पाश्चात्त्य पद्धतीने न जुळविता षड्ज-पंचमांच्या धर्तीवर जुळविल्या जातात. वाद्य तेच, पण बैठक आणि जुळणी बदलली की त्यातून ख्यालाची आलापी निघू लागते. पार्सेकरांचे वादन गायकी अंगाचे होते, म्हणजे कंठाने जे गावयाचे तेच गजाने म्हणावयाचे. भावगीतांना त्यांनी चालीही दिल्या. ज्या तालुक्यात भजन कंठात जपले गेले, तेथील मुलाने इगर्जीतील वाद्य घेऊन त्यातून कंठ बोलविला, ही घटना गोव्याच्या दोन्ही परंपरांना मान खाली घालावयास लावणारी नव्हे, तर मान वर करावयास लावणारी आहे.

याच तालुक्यातील आरोबा गावाशी संबंध असलेले दुसरे नाव म्हणजे दत्ता नाईक, चित्रपटसृष्टीत एन. दत्ता (१९२७–१९८७) या नावाने ओळखले गेलेले. सचिनदेव बर्मन यांच्या हाताखाली उमेदवारी करून त्यांनी ‘साधना’ (१९५८), ‘धूल का फूल’ (१९५९) या हिंदी चित्रपटांना आणि ‘मधुचंद्र’, ‘अपराध’ (१९६९) या मराठी चित्रपटांना संगीत दिले. त्यांच्या चालींत एकीकडे भजन-कीर्तनाच्या वातावरणात मुरलेला सरळ सूर आहे आणि दुसरीकडे भरगच्च पाश्चात्त्य वाद्यमेळाचे आकर्षण आहे. पेडण्याचा संगीतकार आणि बारदेश-सासष्टीचे वादक मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात समोरासमोर बसले, ते असे.

नव्या-जुन्याचा हा संगम चित्रपटापुरताच होता असेही नाही. मराठी रंगभूमीवर विसाव्या शतकाच्या आरंभीच सारंगीच्या शेजारी पायाने भाता मारावयाचा ऑर्गन आला. तो लहान प्रार्थनामंदिरांतून वाजणाऱ्या ऑर्गनचाच भाऊ. पुढे तो नाट्यसंगीताशी इतका एकजीव झाला की त्याच्याविना नांदीची कल्पनाही कोणाला करवेना. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात केशवराव भोळे यांनी लहान, भावप्रधान आणि शब्दांना जपणारी गीते आणली. ती गायिली गोव्याच्या बांदिवडे गावच्या ज्योत्स्ना भोळे यांनी. तबकडीच्या तीन मिनिटांची अडचण येथे गुण बनली, आणि त्यांतून मराठी भावगीताचा प्रवाह बळावला.

आकाशवाणीचे धोरण मात्र काही काळ उलट दिशेने गेले. १९३७ साली दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख म्हणून आलेले इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांना हिंदी आणि युरोपीय संगीताचा मेळ घालण्याची तळमळ होती. हिंदी वाद्यांचा वृंद त्यांनी उभारला. परंतु पेटीचे ठाम स्वर रागसंगीतास घातक आहेत असे त्यांचे ठाम मत होते. १९३९ साली कलकत्त्यास त्यांचे निधन झाले आणि प्रयोग अपुरा राहिला. पुढच्याच वर्षी नभोवाणीवर पेटीला बंदी झाली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. इकडे बंदी असताना तिकडे तबकड्यांवर आणि रंगभूमीवर पेटी व ऑर्गन सुखाने वाजत होते. लोकांचे कान नियमांपेक्षा पुढे गेले होते.

गोव्याच्या दोन परंपरांची सर्वांत धीट भेट १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात झाली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे चित्रपटसृष्टीतील नावाजलेले व्हायोलिनवादक आणि रचनाकार. प्यारेलाल यांनी त्यांच्याकडेच व्हायोलिनचे धडे घेतले. रागांवर आधारलेल्या रचना पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहावयाच्या या ध्यासाने त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला, शंभराहून अधिक वादक जमविले, आणि गावयास लता मंगेशकर व मन्ना डे यांना बोलाविले. मंगेशीच्या देवळाशी ज्यांचे कूळ निगडित, त्या दीनानाथांची कन्या आणि इगर्जीत वाढलेला माजोर्ड्याचा वादक एका रंगमंचावर आले. गोव्यात जे घडावयास हवे होते ते गोव्याबाहेर घडले. हा उपक्रम फार काळ टिकला नाही. गोन्साल्विस १९६०च्या दशकात अमेरिकेस गेले आणि परतल्यावर आपल्या गावी शांतपणे राहिले.

यानंतर आठ-नऊ वर्षांनी जगभर पूर्व-पश्चिम मीलनाचा गाजावाजा झाला. १९६६ साली लंडनमध्ये जॉन मेयर आणि जो हॅरियट यांची ‘इंडो-जॅझ स्वीट’ ही तबकडी निघाली. १९६७ साली रविशंकर आणि यहुदी मेन्युहिन यांची ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ आली आणि ती जगभर पोहोचली. १९६९ साली गोव्याच्या वंशातील गिटारवादक अमान्सिओ डिसिल्व्हा यांनी हॅरियट यांच्यासह लंडनमध्येच ‘हम दोनो’ ही तबकडी केली. १९७० साली सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांच्या संचाने ‘राग रॉक’ नावाची तबकडी काढली. या सर्वांना प्रयोग म्हणून मान मिळाला, तो योग्यच होय. पण मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत हाच प्रयोग त्यापूर्वी दोन-तीन दशके रोज सकाळी नऊ वाजता पोटासाठी चालू होता. त्याला प्रयोग हे नाव नव्हते, कारण तो ‘काम’ होता.

त्याच १९६७ साली मराठी रंगभूमीवर ‘कट्यार काळजात घुसली’ हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक आले. जितेंद्र अभिषेकींनी त्याला संगीत दिले. दोन घराण्यांच्या गायकीतील वैर हाच त्याचा विषय. मंगेशीच्या भजनपरंपरेत वाढलेल्या, अनेक गुरूंकडे शिकलेल्या आणि मुंबई आकाशवाणीच्या कोंकणी विभागात काम केलेल्या अभिषेकींना भिन्न शैलींचा भेद दाखवून त्यांचा मिलाफ घडविणे साधले. एकच पद दोन वेगळ्या चालींत बांधून त्यांनी दोन घराण्यांचे स्वभाव उभे केले. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे होते, आणि सदाशिवच्या भूमिकेत डिचोलीचे प्रसाद सावकार. प्रसाद सावकार हे रघुवीर सावकार या नामवंत गायक-नटाचे चिरंजीव. जुन्या संगीत नाटकाचा वारसा घरातून घेऊन ते नव्या नाट्यसंगीतात आले. हे संगीत तबकड्यांवरून गावोगाव गेले आणि ज्यांनी नाटक पाहिले नव्हते त्यांच्याही ओठी बसले. सोहिरोबानाथांचे पद अभिषेकींच्या कंठातून ध्वनिमुद्रित झाले तेव्हा अठराव्या शतकातील भजन विसाव्या शतकाच्या यंत्रावर चढले. त्यामुळे त्याचे भक्तिरूप उणे झाले नाही.

मिश्रणाने संगीत भ्रष्ट होते, असा आक्षेप त्या काळीही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. त्यात तथ्यांश आहे. घाईगर्दीने जोडलेले, रागाचे भान नसलेले, परक्या चालींची उसनवारी करणारे संगीतही तबकड्यांवर विपुल आले. परंतु पार्सेकर, गोन्साल्विस, अभिषेकी यांची उदाहरणे वेगळे सांगतात. यांच्यापैकी प्रत्येकाने आधी एक परंपरा पूर्ण आत्मसात केली आणि मगच दुसरीकडे हात पुढे केला. ज्याला स्वतःचे घर आहे त्यानेच पाहुण्याला बोलवावे, हा न्याय संगीतासही लागू आहे.

या भेटीत एक अन्याय मात्र झाला, आणि त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. तबकडीच्या मधल्या कागदावर गायकाचे नाव छापले जाई, संगीत दिग्दर्शकाचे, चित्रपटाचे, कंपनीचे नाव असे. ज्याने सर्व वाद्यवृंद कागदावर लिहिला त्याचे नाव नसे, आणि ज्यांनी तो वाजविला त्यांचे तर नसेच. इगर्जीच्या शाळेतील गुरूंची विद्या लाखो घरांत पोहोचली, पण ती कोणाची हे घरांना कळले नाही. २००८ साली ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने जुन्या वादकांच्या मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा कितीतरी नावे प्रथमच छापली गेली. तोवर पुष्कळ वादक काळाच्या पडद्याआड गेले होते.

तबकड्यांची स्थितीही नाजूकच. ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेपासून केलेली असते. हातातून पडली की तिचे तुकडे होतात आणि दमट हवेत ती बुरसते. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या ध्वनिमुद्रिका-संग्राहकांच्या संस्थेने अशा हजारो तबकड्यांचा मागोवा घेतला, त्यांच्या याद्या केल्या. गोव्यात १९५२ साली आंतोनियो द फिगेरेदो यांनी पाश्चात्त्य संगीताची अकादमी काढली. १९७० साली स्थापन झालेल्या कला अकादमीने पुढे भारतीय आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही संगीतांचे वर्ग एका छपराखाली चालविले. शेजारच्या दालनातील सूर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांच्या कानी पडू लागले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु पेडणे-डिचोलीच्या घरांतील माळ्यांवर, पेट्यांत, जुन्या कपाटांत ज्या तबकड्या असतील, स्वरलिपीच्या ज्या वह्या बारदेश-सासष्टीत असतील, त्या कोणत्याही संस्थेला एकटीने शोधता येणार नाहीत. ते काम घराघरांचे आहे. आजोबा कोणत्या गाण्यात व्हायोलिन वाजवीत असत, हे नातवंडांनी विचारून लिहून ठेवले तरी इतिहासाची मोठी सेवा होईल.

१९७७ हे वर्ष या दृष्टीने मोठे अर्थपूर्ण आहे. त्या वर्षी आलेल्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटात प्यारेलालांनी आपल्या गुरूचे नाव एका गाण्यात गुंफले. तबकडीच्या कागदावर जे नाव कधी आले नव्हते ते देशभर पोरासोरांच्या तोंडी झाले. पण ते कोणा खऱ्या माणसाचे नाव आहे, हे गाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते. त्याच वर्षी ५ सप्टेंबर रोजी ‘व्हॉयेजर १’ हे यान अमेरिकेतून अवकाशात निघाले. त्याच्याबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक बारा इंची तबकडी आहे. तिच्यात पृथ्वीवरील संगीताचे सत्तावीस नमुने आहेत आणि त्यांत केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. यान निघाल्यावर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबरला, केसरबाईंनी देह ठेवला. तीच तबकडी बाखची एक व्हायोलिनरचनाही वाहून नेते. म्हणजे केरीच्या देवळाच्या परिसरात वाढलेल्या गायिकेचा कंठ आणि ज्या परंपरेने गोव्याच्या इगर्जीला व्हायोलिन दिले तिचा एक श्रेष्ठ नमुना, असे दोन्ही सूर २०१२ पासून सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर एका तबकडीवरून प्रवास करीत आहेत.

त्या तबकडीवर ते दोन सूर वेगवेगळे आहेत. मुंबईच्या तबकड्यांवर ते एकाच गाण्यात मिसळले होते, आणि ते मिसळण्याचे काम करणारी माणसे पार्से, आरोबा, डिचोली, मंगेशी, माजोर्डे अशा लहान गावांतून आली होती. त्या गावांतील शाळांत मुलांना स्थानिक इतिहास शिकविताना ही नावे एकाच यादीत लिहिली जावीत, एवढे तरी आजच्या पिढीला सहज करता येण्याजोगे आहे.